किहीमला गेलो, उपासना पाहिली आणि हेवा घेऊन आलो

किहीमला जायचं ठरलं ते समुद्रासाठी नाही, एका व्हिडिओमुळे. मी पुण्याच्या एका उपनगरातल्या मराठी चर्चचा पाळक. आमची तरुण मुलं रविवारी येईनाशी झाली, तशी उपासनेची पद्धत थोडी बदलून पाहावी अशी चर्चा कमिटीत सुरू झाली. त्याच आठवड्यात सरोजने, म्हणजे माझ्या बायकोने, जेवताना फोन माझ्यापुढे धरला. नारळाच्या वाडीत चटयांवर गोल बसलेली माणसं, एकाच्या मांडीवर ढोलकी, आणि त्यांच्यातच कुठेतरी बसलेला प्रभाकर.

"प्रभाकरभाऊजींकडे किती छान चालतं नाही?" ती म्हणाली.

प्रभाकर पाळकांच्या सेमिनरीत माझ्या खोलीत राहायचा. उपदेशाला उभा राहिला की त्याला घाम फुटायचा. त्याचे निम्मे उपदेश मी लिहून दिलेले. आणि सरोज माझ्या एखाद्या रविवारबद्दल "किती छान" म्हणाल्याचं मला काही आठवेना. "जाऊन बघू या," मी म्हणालो. तिथे काहीतरी खोट सापडावी, अशी मनातून फार इच्छा होती.

एक्स्प्रेसवेवरची शनिवारची गर्दी टाळायची म्हणून ताम्हिणी घाटातून उतरलो. दिवाळी नुकतीच झाली होती, धबधबे आटत आलेले, पण गवत अजून उंच आणि सोनेरी. माणगावला वडा-उसळ खाल्ली. तिथून महामार्गाने कोलाड, नागोठणे, वडखळ आणि मग अलिबागचा रस्ता. महामार्गावर अधूनमधून वळसे आहेत, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. मुंबईकरांना मांडव्याची बोट सोयीची.

किहीमला एका वाडीतल्या घरगुती खोलीत उतरलो. भाडं शनिवार-रविवारी चढं असतं. मधल्या वारी गेलात तर घासाघीस चालते. जेवणात वालाचं बिरडं, सुरमई आणि तांदळाची भाकरी. घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. उद्या कुठे जाणार हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "त्या प्रभाकर पाळकांकडे होय? आमच्या मागच्याच वाडीत असते त्यांची प्रार्थना. भला माणूस हो. कधी आवाज नाही, कर्णा नाही."

माझ्या चर्चवर दोन कर्णे आहेत.

रविवारी सकाळी गेलो तर प्रभाकर झाडू घेऊन वाळलेल्या झावळ्या बाजूला करत होता. पांढरा झगा नाही, साधा सदरा. "सलाम, पाळकसाहेब!" म्हणून त्याने मला मिठी मारली. हळूहळू माणसं जमली. थळच्या खत कारखान्यातले कामगार, अलिबागच्या दवाखान्यातल्या दोन नर्सबाई, नगरकडून कामासाठी येऊन इथलीच झालेली कुटुंबं. तरुण मुलंही होती, आणि ती फोन खिशात ठेवून बसली होती. हे मी मुद्दाम पाहिलं.

आधी बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मी डोळे मिटून प्रभाकर आता सुरू करेल, मग करेल अशी वाट पाहत होतो. मग एका नर्सबाईने शुभवर्तमानातला छोटा उतारा वाचला. थांबून पुन्हा वाचला. ढोलकीवर एक भजन झालं. प्रभुभोजनाला पाव-द्राक्षरसाऐवजी तांदळाची भाकरी आणि कोकमाचं पाणी. भाकरी हातोहात फिरली, जो तो शेजाऱ्याला तुकडा मोडून देत होता. मला हे कसं सुचलं नाही, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. उपदेश नव्हताच. प्रभाकर म्हणाला, "कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा," आणि खाली बघत बसला.

एकाने मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना मागितली. मग शेजारून आवाज आला आणि तो सरोजचा आहे हे कळायला मला एक क्षण लागला.

"मी पाळकांची बायको," ती म्हणाली. "पहिल्या बाकावर बसते. आई गेल्यापासून मला प्रार्थना करता येत नाही. सगळे करतात तेव्हा मी ओठ हलवते. एवढंच."

माझ्याजवळ बायबलमधली तीन वचनं तयार होती. मी प्रभाकरकडे पाहिलं. तो अजून खालीच बघत होता. पलीकडे बसलेल्या पारूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई चटईसकट सरकत सरोजजवळ आल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "व्हय गो बाय. व्हतं असं. आमी हाव ना, आमी करतो तुज्यासाटी."

सरोज रडली. इतक्या वर्षांत माझ्या चर्चमध्ये ती कधी रडली नव्हती. माझा हेवा तिथेच उसळून आला.

दुपारी किनाऱ्यावर चालताना मी विचारलंच. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच वचन काढून दिलं असतं."

"मग त्यात काय वाईट?"

"मग मला बरं वाटल्याचं दाखवावं लागलं असतं, अहो."

संध्याकाळी त्याच घाटाने परतलो.

तुम्हाला जायचं असेल तर आधी कळवून जा, खाली बसायची तयारी ठेवा, फोटो काढू नका. आणि एकत्र जाणार असाल तर आपल्या माणसाकडून काहीही ऐकायची तयारी ठेवा.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी मी उपदेशाआधी शांतता ठेवून पाहिली. थोड्याच वेळात माइकवाला धावत आला, वायर तपासू लागला. मुलं हसली. कमिटीने म्हटलं, सध्या आहे तेच बरं. सरोज मात्र म्हणाली, "महिन्यातून एकदा मी किहीमला जाऊन येईन."

पाळकाची बायको रविवारी दुसरीकडे! लोक विचारणार, मी काय सांगणार? पण शनिवारी मीच तिला स्वारगेटला अलिबागच्या गाडीत बसवून आलो. रविवारी पहिला बाक रिकामा होता. काही जणांनी विचारलं. "किहीमला गेलीय, प्रार्थनेला," मी सांगितलं.

सोमवारी ती परतली. काय बोललीस, कुणी काय म्हटलं, हे विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. चहा टाकला. कप हातात घेत तीच म्हणाली, "या वेळी मी काहीच बोलले नाही. सुरुवातीच्या शांततेत मला झोपच लागली. भजन होऊन गेलं तरी कळलं नाही. शेवटी पारूबाईंनी भाकरी द्यायला उठवलं."

"कुणी काही म्हणालं नाही?"

"नाही. कुणीतरी अंगावर शाल टाकली होती."

माझ्या चर्चमध्ये कुणी पेंगलं तर मी आवाज चढवतो. आईच्या आजारपणापासून सरोजला धड झोप नव्हती, हे मला माहीत होतं. ती चहा पीत होती, चेहरा ताजातवाना, आणि मला त्या झोपेचाही हेवा वाटला.