गाडी थांबवणारा म्हातारा

उन्हाळ्यात मुलाने मला बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमधून उचललं आणि तंबूत राहायच्या सहलीला नेलं. सोबत त्याच्या ऑफिसातल्या एकाची गाडी होती. तिच्यात त्या माणसाचे म्हातारे वडील होते. नाव मी विचारलं नाही. मला ते अक्का म्हणत.

म्हातारा सारखी गाडी थांबवायचा. नंदी डोंगराच्या पायथ्याशी वाईनवाल्यांच्या द्राक्षमळ्यापाशी थांबवली. चिकमगळूरच्या घाटात तर वळणावळणाला.

"अप्पा, परत?" त्याचा मुलगा चिडायचा.

म्हातारा धोतर सावरत झाडामागे जायचा आणि नुसताच उभा राहायचा. मी पाहिलं होतं.

डोंगरावर तंबूबाहेर बसलो असताना सरळ विचारलं, "अण्णा, साखरेचा आजार आहे का?"

"नाही हो अक्का. उडुपीच्या पुढे समुद्राकाठी वृद्धाश्रम आहे. सहल संपली की मला तिथं ठेवणार. थांबलं की स्वल्प लांबतं, एवढंच."

"मग थांबवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घाट उतरताना मीही दोनदा गाडी थांबवली. मुलगा म्हणाला, "आई, तुला त्यांची लागण झाली का?" संध्याकाळी समुद्र आलाच.

सकाळी किनाऱ्यावरचे तंबू गुंडाळले. म्हाताऱ्याची ट्रंक गाडीत गेली. त्याचा मुलगा किल्ली वाजवत उभा होता. म्हातारा खुर्चीत बसून बशीतल्या चहावर फुंकर घालत होता.

चहा केव्हाच गार झाला होता.