बोंबलांवरून ओवाळलेला फोन

पेणच्या बाजारात सुके बोंबील विकणारी एक बाई सकाळची भवानी कपाळाला लावल्याशिवाय दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत नाही. परवा पहिलं गिऱ्हाईक मीच होते. टोपलीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून मी पैसे पाठवले. तिने माझा फोनच काढून घेतला, कपाळाला टेकवला आणि बोंबलांवरून ओवाळला.

"अगं, हे काय?"

"पैसा यातनंच आला ना गो? मंग पाया कुनाच्या पडू, त्या चिकटवलेल्या कागदाच्या?"

शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला.

काल रोह्याला औषधांच्या दुकानात पेमेंट अडकलं. चक्र नुसतं गरगरत राहिलं. कोणी बघत नाही असं पाहून मी फोन हळूच कपाळाला टेकवला.

बोंबलाचा वास अजून होता.