चुन्याची सुई

पहिलं समुद्रफूल मला दिसलं तेव्हा मी खूश झाले होते. दगडाच्या सांदीतून बोटाच्या पेराएवढं तपकिरी, काचेसारखं पारदर्शक काहीतरी वर आलं होतं आणि त्याच्या पाकळ्या पाण्यात हलत होत्या. दवाखान्यातून ड्यूटी संपवून नुकतीच आले होते, पर्ससुद्धा खांद्यावरच होती. मी दादाला हाक मारली. "दादा, तुह्या टाकीत फूल आलं."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याने लग्न केलं नाही, माझा नवरा लवकर गेला, त्यामुळे बुलढाण्याच्या या घरात आम्ही दोघंच. दादाची उमर गेली जहाजांवर, इंजिनरूममध्ये. लोक त्याला विचारायचे, समुद्र कसा असतो? तो म्हणायचा, "मले काय माहीत? मी तं पाण्याच्या खाली, तेलात." हे तो हसत सांगायचा, पण खरंच सांगायचा. एवढी वर्षं समुद्रावर राहून त्याच्या वाट्याला आला तो आवाज आणि उकाडा. वयाची पन्नाशी ओलांडायच्या आधीच तो अचानक नोकरी सोडून घरी आला आणि पुढच्या खोलीत त्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. फिल्टरच्या पाण्यात पुड्यातलं समुद्री मीठ कालवून पाणी तयार करायचं. आत समुद्रातले दगड, दगडांवर जिवंत कोरल, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. वरून निळा दिवा. उंद्रीहून आमचे नातेवाईक कोर्टाच्या कामाला आले की आधी टाकीपुढे बसायचे. मीही समुद्र कधी पाहिलेला नाही. जे काही पाहिलं ते त्या काचेतच.

दादा आला, वाकला, बराच वेळ बघत राहिला.

"फूल नोहे हे, बाई. तन व्हय. आपल्या वावरात गाजरगवत येते, तसं. नव्या दगडासंगं आलं असन."

"तं उपटून टाक."

"उपटता नाही येत. नखाएवढा तुकडा राह्यला तरी त्याचं नवं होते. आन् हे आजूबाजूच्या कोरलले डसते, जाळून टाकते."

ते मारायचा उपाय त्याला ठाऊक होता. खायचा चुना. कोपऱ्यावरच्या पानटपरीवरून त्याने चुना आणला, फिल्टरच्या पाण्यात दाट कालवला आणि माझ्याकडे सिरिंज मागितली. मी इन्सुलिनची दिली, तिची बारीक सुई लगेच तुंबली. मग जाड सुई लावली. टाकीतला पंप बंद केला, म्हणजे पाणी स्थिर राहतं आणि चुना पसरत नाही. दादाने बाही सारून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. सुई त्या फुलाच्या तोंडावर अलगद न्यायची, धक्का लागला तर ते भोकात शिरून बसतं.

त्याचा हात थरथरत होता. पाण्यात ते जास्तच दिसत होतं. सुई दगडावर आपटली, घसरली, आणि फुलाच्या अंगातून आरपार ओढली गेली. त्याचे बारीक बारीक तुकडे पाण्यात तरंगायला लागले. दादाने हात बाहेर काढला आणि टॉवेलने पुसत बसला. एकच हात, पुन्हा पुन्हा.

मी नर्स आहे. असा हात मी वॉर्डात रोज बघते. घरातला मात्र इतके दिवस चहाच्या कपात, शर्टाच्या बटणात दिसत असूनही मी त्याला नाव दिलं नव्हतं.

"कधीपासून हाय हे?" मी विचारलं.

"जहाजावरच सुरू झालं. एक दिवस नट हातात धरला, आन् बोल्टावर बसेच ना. संगच्या लोकायनं हसण्यावारी नेलं. कंपनीच्या डॉक्टरनं नाही नेलं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तू दिवसभर दवाखान्यात तेच पाह्यतं. घरी बी तेच काऊन दाखवू तुले?"

कंपवात होता. गोळ्या चालू होत्या, कपाटात स्वेटरच्या खाली ठेवलेल्या.

त्या तुकड्यांची फुलं झाली. महिनाभरात ती मागच्या दगडावर, कोरलच्या बुडाशी, पंपाच्या जाळीवर दिसायला लागली. तेव्हापासून सुई माझ्या हातात आली. माझी सकाळची ड्यूटी असली की दुपारी आम्ही बसायचो. दादा खुर्चीत, मी टाकीपुढे स्टुलावर. तो सांगायचा आणि मी करायची.

"थांब. त्याले समजू देऊ नको. आता वरून ये. हां. सोड."

चुना तोंडात गेला की फूल आधी फुगायचं, मग सगळ्या पाकळ्या आत ओढून घ्यायचं. वर पांढरा थर बसायचा. खाली त्याचा लगदा होत जायचा. एका वेळी चार-दोनच मारायची, नाहीतर चुन्याने सगळं पाणी बिघडून मासेच मरायचे. रविवारी सकाळी मी विहारात जाऊन पंचशील म्हणायची, त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं, आणि दुपारी हे करायला बसायची. एकदा ते मी दादाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "गाजरगवत उपटतांनी तुले असं वाटलं का कधी?" मी नाही म्हटलं. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "त्या बिचाऱ्याचा बी काय दोष म्हणा. जागा भेटली, वाढलं."

संभाजीनगरच्या एका शोभेच्या माशांच्या दुकानदाराने सांगितलं की एका जातीची बारीक झिंगी, म्हणजे कोळंबी, हे तण खाते. त्याने ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये पार्सल पाठवलं. हवा भरलेली प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून मी स्टँडवरून रिक्षात आले. झिंग्यांनी काही दिवस तोंड दाखवलं नाही, मग लहान फुलं खरंच कमी व्हायला लागली. मोठी मी टिपत होते. त्या हिवाळ्यात टाकी स्वच्छ झाली. जांभळ्या कोरलला कडेने नवीन पांढरी कोर फुटली. दादा ती आल्यागेल्याला दाखवायचा. बोट स्थिर राहत नसल्यामुळे बघणाऱ्याला नक्की कुठे बघायचं ते कळायचं नाही, मग मी सांगायची. गोळ्यांचा डोस वाढवला होता. तो जेवायचा, बोलायचा, सकाळी कोपऱ्यापर्यंत चालून यायचा. मला वाटलं होतं, हे असं बरीच वर्षं चालेल.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो न्हाणीत पडला. खुब्याचं हाड मोडलं. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, त्यात न्यूमोनिया झाला, घास गिळता येईना. मी बिनपगारी रजा टाकून त्याच्याजवळ राहिले. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली होती. त्या मायाळू बाई. मासे उपाशी राहू नयेत म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ मूठभर खाणं टाकत राहिल्या. फोनवर सांगायच्या, "मासे मस्त आहेत हो, काही काळजी करू नका."

मासे मस्तच होते. उरलेलं खाणं कशाला लागलं ते आम्ही घरी आल्यावर दिसलं. दगड दिसतच नव्हते. सगळीकडे तपकिरी पाकळ्या, एकीला लागून एक, सगळ्या एका लयीत हलणाऱ्या. झिंगी एकही दिसेना. जांभळं कोरल जळून त्याचा पांढरा सांगाडा उरला होता. काकू दारात उभ्या होत्या. "किती फुलं आली नाही?" त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांना दुसरं काय सांगणार?

दादाला ॲम्ब्युलन्समधून स्ट्रेचरवर आणलं होतं. त्याची कॉट पुढच्याच खोलीत लावली. त्याने मान वळवून टाकीकडे बघितलं. मी चुना आणायला निघाले तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. आवाज इतका बारीक झाला होता की कान ओठाशी न्यावा लागायचा.

"सोड आता, बाई."

"दोन महिन्यात साफ करतो मी. मागं केलं नव्हतं का?"

"मासे देऊन टाक. दगड सुकव. दगड सुकले की मरते ते."

दगड सुकवले की तणासोबत त्यातलं बाकीचंही मरतं, किडे, शेवाळ, न दिसणारे जीव, सगळं. हे मला त्यानेच शिकवलेलं होतं. मी एक दिवस थांबले. त्याने पुन्हा सांगितलं.

दुकानदार स्वतः गाडी घेऊन आला आणि मासे घेऊन गेला. मी पाइप लावून टाकी उपसली, पाणी नालीत सोडलं, आणि एकेक दगड बादलीतून गच्चीवर नेला. पाण्याबाहेर आल्यावर ती फुलं लोंबून नुसते शेंबडासारखे थेंब झाली. वैशाखाचं ऊन होतं. दुसऱ्या दिवशी वास सुटला. मासळीचा, कुजलेल्या शेवाळाचा, खारट, दमट. शेजारपाजारचे नाक दाबून विचारायला आले. मी माफी मागितली आणि दोन दिवस सहन करा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी दादाला चमच्याने पेज भरवत होते. वास जिन्यावरून खाली खोलीत उतरला होता. दादाने तोंड मिटलं. नाकपुड्या हलल्या. आजारात त्याचं मन अधूनमधून भरकटायचं, पण त्याचे डोळे त्या वेळी अगदी जागे दिसले.

"बंदराले लागलो का आपण?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी चमचा खाली ठेवला.

"हाव," मी म्हटलं.

"कोणतं?"

त्याने सांगितलेल्या गावांपैकी एक नाव मला आठवलं. "कोचीन."

"मंग वर जाऊन पाहू," तो म्हणाला. "इंजिन बंद झालं का?"

"झालं."

त्याने पेज पुरती खाल्ली. कित्येक दिवसांत तेवढी खाल्ली नव्हती.

पाऊस नीट लागायच्या आधी तो गेला. मधल्या दिवसांत तो काही बोलायचा, पण त्याचा मला अर्थ लागायचा नाही. मी नुसती हाव, हाव म्हणत राहायची. उंद्रीची माणसं आली, विहारातली आली, वंदना झाली. पुढच्या खोलीत बसायला जागा कमी पडली म्हणून नात्यातल्या मुलांनी रिकामी टाकी उचलून अंगणात नेली, आणि तिथे कोणीतरी तिच्यात सगळ्यांच्या चपला ठेवल्या. मी बघितलं. जाताना ज्याने त्याने आपापली चप्पल काढून घेतली.