गुबूच्या सुरकुत्या

माझ्या नातीचा पाय मोडला आणि तिला रुग्णालयात ठेवावे लागले, त्या आठवड्यात माझी आणि कडकबाईंची ओळख झाली. जिच्याकडून आपण काही शिकलो अशा एका व्यक्तीविषयी लिहावे, असे आमच्या प्रौढ वर्गाच्या बाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम पुष्कळ मोठी माणसे माझ्या मनात आली. परंतु लेखणी हाती घेतल्यावर कडकबाईच समोर येऊन उभ्या राहिल्या.

कडकबाई रुग्णालयाच्या तळघरातील धुलाईखान्यात इस्त्रीचे काम करीत असत. त्यांनी खळ घातलेली चादर भिंतीला टेकवली तर उभी राहील, असे लोक थट्टेने म्हणत. त्यावरून त्यांना हे नाव पडले होते. स्वभावाने मात्र त्या मुळीच कडक नव्हत्या. कामाचा ढीग कधी संपत नसे, तरी एखाद्या सदऱ्याचे सैल बटण हाताला लागले तर त्या तिथेच टाका घालीत. थंडीच्या दिवसांत वृद्ध रुग्णांचे कपडे त्या कपड्यांची ढकलगाडी वर वॉर्डात निघण्याच्या अगदी आधी इस्त्री करीत, म्हणजे ते अंगावर चढेपर्यंत ऊब टिकून राही. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि वर कोणाला ठाऊकही नव्हते.

माझ्या नातीला घरी सगळे भिंगरी म्हणतात. ती भिंगरी पायाला वजन बांधून खाटेवर निमूट पडली होती. दुपारी वॉर्डातील पांढरे पडदे वाऱ्याने फुगत. मी पेंगत असे, आणि सगळ्या खाटा पाण्यावर सोडलेल्या होड्यांप्रमाणे हळूहळू कुठेतरी निघाल्या आहेत असे मला वाटे. भिंगरीच्या मुठीत गुबू असे. गुबू म्हणजे तिच्या तान्हेपणीच्या दुलईचा उरलेला तुकडा. त्याचा मूळ रंग कोणता होता, हे तिच्या आईलाही सांगता आले नसते.

एका सकाळी चादरी बदलल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर गुबूही गेला. भिंगरीने आकांत मांडला. दूध नको, सूप नको, डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेतले.

"आजी, परवा शस्त्रक्रिया आहे. पोर अशीच उपाशी आणि जागी राहिली तर पुढे ढकलावी लागेल. हाड तोवर थांबणार नाही, वाकडंच जुळायला लागेल."

सिस्टरने तातडीने खाली निरोप धाडला.

तो तुकडा कडकबाईंना निरोपाआधीच ढिगात सापडला होता. हा कोणाच्या तरी जिवाचा असणार, हे त्यांनी ओळखले होते. आणि म्हणून त्यांना जे उत्तमात उत्तम येत होते ते सर्व त्यांनी त्याच्यासाठी केले होते. दुपारी त्या स्वतः वर आल्या. त्यांच्या तळहातावर एक पांढरीशुभ्र, चौकोनी, कडक घडी होती.

"घे गं राणी, तुझा गुबू. बघ, कसा नवाकोरा करून आणलाय!"

भिंगरीने त्याला बोट लावले, नाकाशी नेले आणि परत दिला.

"हा गुबू नाही. हा पुठ्ठा आहे."

सिस्टरला हसू आवरेना. कडकबाई मात्र हसल्या नाहीत. त्या खाटेच्या कडेला टेकल्या.

"कोपऱ्यात एक गाठ होती, तीच ना तुझी?"

"हो. झोपताना मी ती चोखायची."

"मी सोडवली गं ती. मला वाटलं, उगीच पडलीय." मग घडी उचलून त्या म्हणाल्या, "उद्यापर्यंत देशील मला? मीच बिघडवलाय, मीच बघते."

"पुन्हा धुवायचा नाही."

"पाण्याचं नाव काढणार नाही."

पुढे खाली काय झाले, ते मला नंतर तिथल्या बॉयलरवाल्याने सांगितले. त्या दिवशी काम डोक्यावरून वाहत होते. कडकबाईंनी तो तुकडा वाफेवर धरून हातांनी चोळला, चुरगळला आणि ॲप्रनच्या पट्ट्यात खोचून त्या पुन्हा इस्त्रीला उभ्या राहिल्या.

"जन्मभर सुरकुत्या मोडल्यास, आता पाडायला बसलीस होय?" बॉयलरवाल्याने विचारले.

"बसलेय कुठे? उभीच आहे. तूही घे जरा, गळ्याभोवती गुंडाळ. तुझ्या घामाचा एकदा तरी कोणाला उपयोग होऊ दे."

"माझा वास देतेस त्या पोरीला? मोडक्या पायाने पळत सुटेल ती!"

तरीही त्याने तो गळ्याभोवती गुंडाळला. कडकबाईंनी गुबू घरीही नेला. दयाळूपणासाठी निराळा वेळ काढावा लागतो, अशी माझी तोपर्यंत समजूत होती. मला वेळ सापडत नसे, आणि म्हणून मी स्वतःला माफ करीत असे.

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या तेव्हा गुबू पार चोळामोळा झालेला होता. भिंगरीने तो गालाला लावला. वॉर्ड अगदी शांत होता. पडदासुद्धा हलत नव्हता, असे मला आठवते.

"वास निराळा आहे," ती म्हणाली.

"खरं आहे तुझं. जुना वास गेला तो गेला. तो आणायला मला येत नाही." कडकबाईंनी तिची नजर चुकवली नाही. "गाठ पण मी मारली नाही. कशी होती ते तुलाच ठाऊक. तू मार."

भिंगरीने जीभ दातांत धरून गाठ मारली. आवडली नाही, सोडली. पुन्हा मारली. मग ती तोंडात धरून तिने डोळे मिटले. मी तिच्या श्वासाकडे पाहत राहिले, आणि तो लांब होत गेला तशी माझी होडी कुठल्या तरी किनाऱ्याला लागत गेली. संध्याकाळी जाग आल्यावर तिने आपणहून सूप मागितले.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. पाय सरळ राहील असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मी प्रथमच तळघराचा जिना उतरले. आत वाफच वाफ होती. ढगातून चालावे तशी मी चालत गेले. छतापर्यंत चादरी साचल्या होत्या. गुबूपायी मागे पडलेले काम अजून भरून निघाले नव्हते. वाफेतून कडकबाईंचा चेहरा उमटला.

"पोरीचा पाय?"

"सरळ राहणार, म्हणतात."

"मग रडता कशाला, आजी?"

मी म्हणाले, "बाई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत..."

"आभार राहू द्या," त्या म्हणाल्या. "हात मोकळे आहेत ना तुमचे? मग या चादरीची ती दोन टोकं जरा धरा."