इझ्मेच्या गोष्टीतला ससा

गेल्या आठवड्यात इझ्मे गेली. राजधानीहून आलेल्या साहेबलोकांनी चर्चमध्ये तिच्या लेखणीचे गोडवे गायले. त्यातल्या एकानेही तिला आमच्या जायफळाच्या वखारीत पाहिलं नव्हतं. मी वीस वर्षं तिच्या शेजारी बसून जायफळं निवडली आहेत.

हात कामात आणि तोंड गोष्टीत, असं तिचं चालायचं. "क्रिक?" ती विचारायची. "क्रॅक!" आम्ही ओरडायचो. समोरून क्रॅक आल्याशिवाय आमच्याकडे गोष्ट सुरूच होत नाही, आणि पहिला क्रॅक माझा असायचा. तिच्या गोष्टीत कायम एक लबाड ससा असे. कधी तो आमचा मुकादम, कधी पाद्री. कोण ते सगळ्यांना कळायचं, पण नाव कुणी घ्यायचं नाही.

मग तिला छापून यायची चटक लागली. शनिवारच्या पेपरात तिचे लेख येऊ लागले. एका लेखात आमच्या लहानपणीच्या वादळानंतरच्या उपासमारीबद्दल होतं. चार पोरांच्या पोटासाठी एक बाई जायफळांच्या पोत्यात दगड घालायची, म्हणजे वजन वाढायचं. बाईचं नाव छापलं होतं, क्लोटिल्डा. क्लोटिल्डा माझी आई.

लेख चांगला होता, हे आज कबूल करते. पण वखारीने आईचा माल घेणं बंद केलं, आणि चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. सत्तरीची होती ती. मी तडक इझ्मेच्या दारात गेले.

"अगं वेल्डा, मी कौतुक केलंय तिचं!"

"तुझ्या आईचं कर की कौतुक! नाव कशाला घातलंस? ससा म्हणायचं होतंस."

"पेपरात ससा चालत नाही गं. खरं लिहावं लागतं."

"मग स्वतःचं लिही खरं! तुझ्या घरात काय सगळे संत जन्मलेत?"

पुढच्या वर्षी तिची आई वारली. नवव्या दिवशी, दिवेलागणीला, सगळा गाव अंगणात जमला. कॉफी झाली, खारवलेल्या माशाचे पाव झाले, रम फिरली. आमच्यात गेलेल्याला गोष्ट सांगून निरोप द्यायचा असतो. इझ्मे उभी राहिली.

"क्रिक?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाव खात बसले.

"क्रिक?" तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज फाटला. "वेल्डा, माझ्या आईसाठी तरी..."

मी मान वर केली नाही, आणि माझ्याआधी क्रॅक म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिची आई गोष्टीविना गेली. मला त्या रात्री गाढ झोप लागली, हेही सांगून टाकते.

त्यानंतर इझ्मेने तोंडाने कधी गोष्ट सांगितली नाही. अकरा वर्षं नुसती लिहीत राहिली.

दोन वर्षांपूर्वी तिचं पुस्तक आलं. त्यात ती संध्याकाळ आहे. कॉफी कुणी केली, रम कुणी सांडली, सगळी नावं आहेत. माझं नाही. 'पुढच्या बाकावर ससा पाव खात बसला होता', एवढंच.

नाव घातलं असतं, तर त्याच दिवशी तिच्या दारात जाऊन भांडले असते. भांडता भांडता बोलणं तरी झालं असतं. नुसत्या सशावरून कोणत्या तोंडाने जाणार होते?

परवा तिचा नववा दिवस आहे. क्रॅक म्हणायला मी तयार आहे. क्रिक विचारणारं गावात कुणी उरलेलं नाही.