सोन्याच्या काट्यावर मोजलेली पाकिटं

जळगावात एका सराफाच्या दुकानात मी वजनकाट्यावर बसतो. गुंजभर सोनं इकडचं तिकडे झालं तर माझ्या गळ्याशी येईल, त्यामुळे स्वभावच भित्रा झालाय. असा माणूस लबाडी करायला निघाला की त्याची जी गत होते, ती माझी झाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अक्कांचं खेळण्यांचं दुकान आहे. माझी लेक खेळाची कार्डं जमवते. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा जास्त वेड मला. बंद पाकिटात काय निघेल ते फाडल्याशिवाय कळत नाही. पण चमकणारं कार्ड असलेलं पाकीट केसभर जड भरतं, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. लेकीच्या वाढदिवसाआधी अक्कांना म्हटलं, "घरी नेऊन तिला निवडू देतो." त्यांनी अख्खा खोकाच पिशवीत घालून दिला. पाकिटं मोजलीसुद्धा नाहीत.

दुपारी शेठ जेवायला गेल्यावर मी एकेक पाकीट काट्यावर ठेवू लागलो. जिन्यात चप्पल वाजली की हातातलं पाकीट झटकन खिशात टाकायचो. घामेजल्या बोटांचंही वजन भरेल म्हणून रुमालाने बोटं पुसत होतो. जड सहा ठेवून घेतली, संध्याकाळी त्यांचे पैसे दिले आणि बाकीची परत केली. अक्कांनी चष्मा पुसला तरी वाटलं, आता विचारतात.

वाढदिवसाला लेकीला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेलो. अक्कांनी नेमका तोच, माझा हात लागलेला खोका पुढे ओढला आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या,

"तुना बापनी हात लायेल शेतस. ले बेटा, पाच फाड."

लेक तिथेच फाडत बसली. पाचही पाकिटांत एकसुद्धा कार्ड चमकलं नाही.

"सकाळी बाबांच्या सहांत चार निघाली होती!" लेक बोलून गेली. संपलं, मी मनात म्हटलं.

अक्कांनी माझ्याकडे बघत स्वतःच्याच हाताला दोष दिला, "मनाच हात खराब शे."

फळीवरचा नवा, सीलबंद खोका काढून त्यांनी वरचं प्लास्टिक फाडलं आणि तो माझ्यापुढे सरकवला. "भाऊ, घर लई जा. तूच निवड. तुनावर भरोसा नही ठेवसू ते कोनावर ठेवसू?"

पकडला गेलो असतो तर सुटलो असतो.

"बाबा, घ्या ना," लेक म्हणाली. मी हात मागे बांधून उभा राहिलो.