काकांची राखण

“झाकण लाव पहिले! मी काय त्याच्या पोटाचं ऑपरेशन कराले आलो काय?”

बोरगावच्या एका अंगणात, भर दुपारी, मालक मोठ्या हौसेनं जुन्या व्हॅनचं इंजिन उघडून दाखवत होता आणि बगीचेवाले काका त्याच्यावर ओरडत होते. त्या आवाजानं सौंसरच्या बाजारातले लोक भाव करता करता थांबले असतील. मालकानं घाबरून झाकण लावलं. काकांनी गाडीकडे पाठ केली आणि सरळ गोठ्याकडे निघाले.

मला गाडीतलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. तिगावची पोरं पांढुर्ण्याच्या शाळेत न्यायचं-आणायचं काम मी धरलं होतं. गावातल्या सगळ्या आयांना शब्द देऊन बसलो होतो, फक्त व्हॅन तेवढी नव्हती. गाडीतलं काकांनाही कळत नव्हतं. पण त्यांचा जन्म संत्र्याचे बगीचे पारखण्यात गेला होता. फळ बोराएवढं असताना बगीच्यातून एक फेरी मारत आणि तोडणीला किती माल निघेल ते सांगत. व्यापारी त्यांच्या शब्दावर बगीचा घेत, म्हणून गाडी पारखायलाही मी त्यांनाच आणलं होतं. मी तर म्हणतो, काका बांधावरून नुसते खाकरले तरी झाडं पानं बाजूला सारून फळं दाखवत.

“मशीन खोटं बोलते बाबू, बैलाची मान खोटं नाही बोलत. बैल जपते तो गाडीही जपते,” असं त्यांचं शास्त्र. त्यांनी बैलांच्या माना चाचपल्या; एकालाही जुवाची जखम नव्हती. विहिरीचा दोर ओढून पाहिला. मग मालकिणीला हाक मारली. “बाई, ह्या गाडीनं तुले कधी रस्त्यात रडवलं काय?”

“नाही जी. रडवते ते हेच,” बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

“घे,” काका मला म्हणाले. मालकानं किल्ली फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली.

मग थंडी पडली. परीक्षेच्या दिवशी सकाळी पोरं गाडीत कोंबून बसलेली, आया दारात उभ्या, आणि गाडी काही केल्या सुरू होईना. शेवटी एका टेम्पोत घालून पोरं शाळेत धाडली. मेकॅनिक आला, म्हणाला, बॅटरी जुनी आहे, थंडीत मान टाकते. बाकी गाडी सोनं आहे. बॅटरी बदलली. विषय संपला.

माझ्यापुरता संपला. काका मात्र ओट्यावर डोकं धरून बसले होते. “बगीचा दुपारी पाह्यचा असते. सावली झाडाखाली गोळा झाली का फळ बरोबर दिसते. म्या गाडीही दुपारीच पाह्यली! तो मालक त सकाळीच बाजार करून आलता, गाडी गरमच होती. गाडी थंडी असताना पाहा लागते. माह्या शब्दावर घेतली तू. चुकलो मी.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काका गाडीपाशी हजर. कानाला मफलर, हातात काठी, बगलेत चाकाला आड लावायला दगड. आमच्याकडे बगीचा घेतला की तोडणीपर्यंत तिथे राखण बसवतात. काकांनी गाडीला राखण बसवली होती, आणि राखणदार स्वतःच. “माल घरी पोचेपर्यंत राखण माह्यी,” म्हणून ते पुढच्या सीटवर चढले. माल म्हणजे पोरं. सगळा हिवाळा रोज. गाडी पहिल्याच किल्लीत सुरू व्हायची, तरी काका माझ्याकडे आपणच चोरी केल्यासारखं पाहायचे.

इकडे त्या परीक्षेच्या दिवसावरून आया माझ्यावर तापल्या होत्या. मग मी टपरीवर गोष्ट सांगायला घेतली. गाडी प्रत्येक बाभळीला नमस्कार करून पुढे जाते. बकऱ्या ओव्हरटेक करतात. परवा तर काका पोरांसकट गाडी खांद्यावर घेऊन आले! सगळी टपरी लोळायची. गोष्ट घरोघर गेली, आयाही हसल्या, आणि हसलेला माणूस भांडत नाही. पण ते हसू कोणाच्या तरी अंगावर सांडणारच होतं. पांढुर्ण्याचा एक व्यापारी भर बाजारात काकांना म्हणाला, “काका, बगीचा पाह्यले येता काय? का धक्का माराले पहिले माणसं बोलावू?” त्या बहाराला काकांना कोणी बोलावलंच नाही. पुढच्याही नाही.

मी म्हटलं, “काका, ती गोष्ट मी आता बंद करतो.”

“काऊन? सांग न,” काका म्हणाले. “हासून राहिले त हासू दे. पोरं त बसून राहिले न तुह्या गाडीत.”

आणि मी, बेशरम, सांगतच राहिलो. गोष्ट रंगत होती ना!

मागच्या वर्षी झाडं फुलायच्या आधी काका गेले. गाडी अजून आहे. पुढच्या सीटखाली दगडही आहे. यंदा कडाक्याच्या थंडीत ती पहिल्या किल्लीत सुरू झाली, पोरं शाळेत सोडली आणि मी तडक टपरीवर गेलो. भरल्या टपरीत, तिखटमीठ न लावता सांगितलं : गाडी एकदाच अडली, तीही बॅटरीपायी. काकांची पारख खरी होती. बाकी सगळं माझं रचलेलं.

कोणी हसलं नाही. टपरीवाल्यानं गिलास विसळला आणि उपडा घातला.

“पहिलेचीच गोष्ट बरी होती,” तो म्हणाला.